बिल्ल्यावरचं साल

भाच्याची मँचेस्टर सिटीची निळी जर्सी मी उलटी करून इस्त्री करत होते. सुलटी केली की बिल्ल्याचा छाप इस्त्रीला चिकटतो, म्हणून कापडाच्या पाठीमागूनच हात फिरवायचा. शेवटी घडी घालताना बिल्ला नीट डोळ्यांसमोर आला. वर सोनेरी गलबत, खाली तांबडा गुलाब, मध्ये तीन नद्यांच्या तिरक्या रेघा आणि दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं वाटलेलं साल, डावीकडे १८ आणि उजवीकडे ९४. हॉलमध्ये भाचा आणि त्याचा मँचेस्टर युनायटेडवाला मित्र यांची केव्हाची जुंपली होती. "तुमचा क्लब अठराशे चौऱ्याण्णवचा, आमचा अठ्ठ्याहत्तरचा. म्हणजे आम्हीच मोठे." भाचा रडकुंडीला आलेला. बिल्ल्यावरच छापलेलं असल्यावर तो तरी काय बोलणार? "मावशी, तू सांग ना याला!" मी सांगितलं, की सिटीची टीम १८८० पासून खेळते आहे, तेव्हा नाव वेगळं होतं. त्यावर मित्राने सरळ विचारलं, "मग बिल्ल्यावर खोटं लिहिलंय का?" मी म्हटलं, खोटं नाही. "मग?" तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली आणि दोघंही बूट हातात घेऊन जिन्याकडे पळाले.

तो "मग?" मात्र माझ्यापाशीच राहिला.

वेस्ट गॉर्टन हा मँचेस्टरच्या पूर्वेकडचा भाग. लोखंडाचे कारखाने, धूर, एकमेकींना चिकटून बांधलेली विटांची घरं. १८८० च्या आसपास तो मँचेस्टर महापालिकेच्या हद्दीतही नव्हता. शनिवारी दुपारी कारखाना सुटला की जवान पोरांना दोनच वाटा, एक दारूच्या गुत्त्याकडची आणि दुसरी मारामारीकडची. या मारामाऱ्यांना तिकडे 'स्कटलिंग' म्हणत. गल्लीच्या नावाने टोळ्या बनत, हातात जड बकलाचे पट्टे, पायात टोकाला पितळ ठोकलेले लाकडी तळाचे जोडे, आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं एकमेकांची डोकी फोडत. तिथल्या सेंट मार्क्स चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, होते आर्थर कॉनेल. त्यांची मुलगी अ‍ॅना हिने १८७९ मध्ये कामगारांसाठी सभा सुरू केल्या. दारोदार फिरून बोलावणी केली, तरी पहिल्या सभेला जेमतेम तिघे जण आले. तिने सभा बंद केल्या नाहीत. हळूहळू माणसं वाढली, आणि पुढे मँचेस्टरच्या आर्चडीकननी, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, जाहीरपणे म्हटलं, की हे काम पुरुषाला जमलं नसतं, त्याला बाईचंच कसब लागलं.

सिटीची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट इथूनच निघते. पोरं टोळ्यांत जाऊ नयेत म्हणून रेक्टरच्या मुलीने फुटबॉलची टीम काढली, आणि तीच टीम आज जगभर खेळते. पुरुषांच्या या खेळातल्या एवढ्या मोठ्या क्लबच्या मुळाशी एक बाई आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. मी ती गोष्ट माझ्या बहिणीला, मैत्रिणींना, ऑफिसातल्या पोरांना, ज्याला फुटबॉलचं काही घेणंदेणं नाही त्यालाही सांगितली आहे.

नंतरच्या संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि चर्चचे कागद चाळले, तेव्हा या गोष्टीचा धागा मध्येच तुटलेला निघाला. अ‍ॅनाच्या सभा खऱ्या आहेत. टीमही खरी आहे. पण दोन्हींना जोडणारा त्या काळचा एकही कागद नाही. सभांना येणारे होते वयाने मोठे कामगार, तर टीममध्ये बहुतेक कोवळी पोरं. आणि ही पोरं आली होती चर्चच्या क्रिकेट टीममधून. १८७५ च्या सुमाराला विल्यम बीस्टो नावाच्या चर्च वॉर्डनने ती टीम उभी केली होती. इंग्लंडच्या हिवाळ्यात क्रिकेट खेळता येत नाही, पोरांना एकत्र ठेवायचं तर दुसरा खेळ हवा, म्हणून फुटबॉल. हे इतकं साधं आणि पटण्यासारखं आहे, की त्याविरुद्ध बोलायला काही सुचत नाही. १३ नोव्हेंबर १८८० रोजी मॅकल्सफील्डहून आलेल्या एका बाप्टिस्ट चर्चच्या टीमशी सेंट मार्क्सची पोरं खेळली आणि २-१ ने हरली. वर्तमानपत्रात नोंद असलेला त्यांचा हा पहिला सामना. बातमीत अ‍ॅनाचं नाव नाही.

अ‍ॅनाची गोष्ट खरी असावी, असं मला इतकं तीव्रपणे का वाटतं, हे मला ठाऊक आहे. माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांवर ओल्डहॅमचं नाव ओतीव अक्षरांत उठलेलं असे. ते गाव मँचेस्टरच्या शेजारीच आहे, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मला स्वतःला ते फुटबॉलचे नकाशे बघताना कळलं. तर आजीच्या चाळीच्या गणेश मंडळाच्या ऑफिसात एक फळा आहे, काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं, वर 'संस्थापक', खाली सात पुरुषांची नावं. आजी सांगायची, की सुरुवातीची काही वर्षं मंडळ होतं दुसऱ्या मजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींच्या खोलीत. घाटावरून, कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार त्यांच्याकडे जेवायचे. पाळी सुटली की पंगत बसायची, पंगतीतच वर्गणीचं बोलणं निघायचं, आणि जमलेले पैसे मावशींकडच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. तो डबा आजीने पाहिलेला. झाकण घट्ट बसायचं, ते उघडताना चमच्याचा मागचा भाग लागायचा. मंडळाची घटना, नोंदणी, पावतीपुस्तक हे सगळं नंतर आलं, आणि ते करायला लिहिता येणारी माणसं पुढे झाली. फळ्यावर मावशी नाहीत.

मंडळाच्या स्थापनेच्या सालावरूनही दोन गट होते. एक गट पहिली मूर्ती बसली ते साल धरायचा, दुसरा नोंदणीचं. दर वर्षी बॅनर छापायला द्यायची वेळ आली की वाद. तो वाद काही आमच्याच चाळीचा नव्हे. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात कुणाची, भाऊसाहेब रंगाऱ्यांची १८९२ मधली की लोकमान्यांची त्यानंतरची, यावर पुण्यात २०१७ मध्ये सव्वाशे वर्षांच्या सोहळ्याच्या वेळी केवढं रण माजलं होतं. माणसं सालासाठी इतकी का भांडतात, असं तेव्हा एक सहकारी वैतागून म्हणाला. मला ते भांडण कधीच क्षुल्लक वाटलं नाही. साल ठरलं की त्या सालाच्या अलीकडचे सगळे आत येतात आणि पलीकडचे सगळे बाहेर राहतात. मावशी त्या रेषेच्या पलीकडे राहिल्या.

म्हणूनच अ‍ॅनाच्या बाबतीत मी सावध असते. मावशींचं जे राहून गेलं ते मी अ‍ॅनाच्या पदरात टाकू बघते आहे, हे मला दिसतं. आणि मावशींसाठी आजीची साक्ष आहे, डबा डोळ्यांनी पाहिलेली. अ‍ॅनाच्या फुटबॉलसाठी तशी साक्ष कुणीच ठेवलेली नाही.

आता भाच्याच्या मित्राचं १८७८. न्यूटन हीथला लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचे डबे आणि वाघिणी, म्हणजे मालडबे, बनवण्याचं मोठं वर्कशॉप होतं. तिथल्या कामगारांनी टीम काढली, तीच पुढे मँचेस्टर युनायटेड झाली. हिरवे-सोनेरी कपडे, नॉर्थ रोडचं मैदान. मैदान कसलं, एका बाजूला खडी आणि दगड, दुसऱ्या बाजूला दलदल. कपडे बदलायची सोय अर्ध्या मैलावरच्या 'थ्री क्राउन्स' या पबमध्ये. क्लब १८७८ चा असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरही असेल. खात्याखात्यांतले सामने कोण छापणार? पण कागदावर सापडणारा त्यांचा पहिला सामना आहे २० नोव्हेंबर १८८० चा, बोल्टन वाँडरर्सच्या दुय्यम टीमशी, आणि त्यात सहा गोल खाऊन सपाटून हार. तारखा शेजारी ठेवून बघा. १३ नोव्हेंबर आणि २० नोव्हेंबर. आज ज्यांच्या वयावरून पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन पोरं हमरीतुमरीवर येतात, ते दोन क्लब छापील जगात एका आठवड्याच्या अंतराने आले. दोघंही हरले. आणि दोघांचीही वस्ती तेव्हा मँचेस्टरच्या हद्दीबाहेर होती. न्यूटन हीथ आणि वेस्ट गॉर्टन शहरात घेतले गेले ते १८९० मध्ये.

ज्या क्लबांचं साल वादातीत आहे ते बघितले, की मला एक गोष्ट फार खुपते. शेफील्ड एफसीची तारीख पक्की, २४ ऑक्टोबर १८५७. का पक्की? कारण नॅथनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट ही सुस्थितीतली, लिहिती माणसं. एकाच्या घराण्याचा चांदीच्या मुलाम्याचा कारखाना, दुसरा दारूचा व्यापारी. त्यांनी नियम लिहिले, इतिवृत्त ठेवलं, वह्या जपल्या. त्या वह्या-कागद २०११ मध्ये लंडनला लिलावात ८ लाख ८१ हजार २५० पौंडांना गेले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वाघिणीला रंग लावणाऱ्याने कुठली वही ठेवायची? त्याचं सगळं इतिवृत्त पबच्या टेबलावर बोललं गेलं आणि तिथेच विरलं. वुलिचच्या तोफांच्या कारखान्यातली पोरं १८८६ मध्ये आपल्या वर्कशॉपच्या नावाने 'डायल स्क्वेअर' म्हणून खेळू लागली. ११ डिसेंबरला थेम्सपलीकडच्या आयल ऑफ डॉग्जवर, उघड्या गटाराशेजारच्या मैदानात त्यांनी ईस्टर्न वाँडरर्सला ६-० ने हरवलं. आजचा आर्सेनल क्लब तो हाच. आणि मग त्यांनी 'रॉयल आर्सेनल' हे नाव त्याच नाताळच्या दिवशी रॉयल ओक पबमध्ये घेतलं की नंतर जानेवारीत, यावर आजही अभ्यासक भांडतात. आपली पुढे नोंद लागणार आहे, याची त्या टेबलाभोवती बसलेल्या कुणाला कल्पनाच नव्हती.

पण म्हणून वाटेल ते साल उचलून बिल्ल्यावर घालावं, हेही मला पटत नाही. स्टोक सिटी १८६३ मिरवतं. पण १८६८ च्या सप्टेंबरात 'द फील्ड' या नियतकालिकात स्टोकला नवा क्लब निघाल्याची बातमी आहे, आणि त्याच ऑक्टोबरात हेन्री आल्मंड या तरुणाने क्लबचा पहिला गोल केल्याची नोंद आहे. पाच वर्षं कशाच्या आधारावर वाढवायची? क्रिस्टल पॅलेसने तर २०२० मध्ये १८६१ वर हक्क सांगितला आणि पुढे ते बिल्ल्यावरही घातलं. १८६१ मध्ये त्या नावाचा क्लब नक्की होता, १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन करणाऱ्यांत तो होता, पहिल्या एफए कपच्या उपांत्य फेरीतही खेळला. पण नंतर तो नाहीसा होतो, आणि आजचा क्लब उभा राहतो १९०५ मध्ये. मधल्या तीन दशकांची पोकळी भरायला त्यांच्याकडे क्रिस्टल पॅलेस या मूळ काचमहालाची मालक कंपनी एकच होती, एवढा युक्तिवाद आहे. जागेची मालकी आणि माणसांची सलगता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मधल्या वर्षांत शनिवारी दुपारी कोण कुणाची वाट बघत मैदानावर थांबलं होतं, हे जोवर दाखवत नाहीत, तोवर मी ते साल मानणार नाही.

नाव बदलणं त्यामानाने मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यामागचं कारण बहुधा उघडं असतं, आणि ते बहुधा पैशाचं असतं. सेंट मार्क्सच्या पोरांची कहाणी घ्या. आधी चर्चचं नाव होतं, मग ते गळत गेलं आणि नुसतं वेस्ट गॉर्टन राहिलं. बेल व्ह्यू क्लॅरेन्स नावाच्या शेजारच्या टीमशी जुळणी झाली, ती वर्षभरात फिसकटली, फाटाफूट झाली आणि १८८४ मध्ये गॉर्टन एएफसी निघालं. त्या वर्षीचा फोटो उपलब्ध आहे. काळे शर्ट, छातीवर पांढरा क्रूस, आणि घडी घातलेल्या हातांनी, कॅमेऱ्यासमोर हलायचं नाही म्हणून श्वास धरून बसलेली तरणी पोरं. तो क्रूस कशाचा, यावरही वाद आहेत. मला त्यांच्या बुटांकडे बघत राहावंसं वाटतं. मग १८८७ मध्ये हाइड रोडला मैदान मिळालं, आणि मैदान आर्डविकमध्ये म्हणून नाव आर्डविक. बैठका हाइड रोड हॉटेलात, कपडे बदलायचे तेही तिथेच, आणि स्टँड बांधायला मदत चेस्टर्स ब्रूअरीची. पोरांना गुत्त्यापासून दूर ठेवायला काढलेली टीम, असं जिच्याबद्दल सांगतात, ती सात वर्षांत दारू गाळणाऱ्यांच्या आधाराने उभी होती.

आर्डविकही पैशाअभावी डबघाईला आलं, आणि १८९४ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटी ही नवी कंपनी नोंदली गेली. म्हणजे भाच्याच्या जर्सीवरचं साल हे कंपनीच्या नोंदणीचं आहे. कायद्याच्या नजरेत तो खरोखरच जन्म होता.

न्यूटन हीथवर तीच पाळी १९०२ मध्ये आली. २,६७० पौंडांचं कर्ज आणि कोर्टाचा दिवाळखोरीचा हुकूम. क्लबचा कप्तान हॅरी स्टॅफर्ड याचा सेंट बर्नार्ड कुत्रा निधी गोळा करण्याच्या बाजारातून हरवला, तो जॉन हेन्री डेव्हिस या ब्रूअरी-मालकाच्या हाती लागला, त्यातून ओळख झाली आणि क्लब वाचला, अशी गोष्ट सांगतात. कुत्र्याचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. डेव्हिसचे पैसे मात्र बदलत नाहीत. नवं नाव शोधताना 'मँचेस्टर सेंट्रल' सुचवलं गेलं. पण ते रेल्वे स्टेशनसारखं वाटतं म्हणून पडलं, आणि त्या नावाचं स्टेशन शहरात होतंच. 'मँचेस्टर सेल्टिक'ही मागे पडलं. 'युनायटेड' आपण सुचवलं, असं लुई रोका आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या शब्दापलीकडे पुरावा काय, हा प्रश्न विचारता येतो. पण त्या माणसाने पुढे आयुष्य या क्लबच्या कामात घालवलं. त्याचा तेवढा दावा मी राहू देईन. हिरवा-सोनेरी रंग गेला, लाल आला. रेल्वेच्या कामगारांनी घामाने मळवलेला तो जुना रंग असा हातोहात गेला, हे मला आजही लागतं. शंभर वर्षांनंतर मालकांविरुद्ध निषेध करताना युनायटेडच्या प्रेक्षकांनी हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले होते. टीव्हीवर ते दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. त्यांच्यातल्या एकानेही न्यूटन हीथला खेळताना पाहिलेलं नव्हतं, तरी भांडायची वेळ आली तेव्हा त्यांना तोच रंग आठवला.

जेवताना मी दोन्ही पोरांना १३ आणि २० नोव्हेंबरचं सांगितलं. युनायटेडवाल्याने आधी विचारलं, "म्हणजे सिटीच आधी?" आणि मग स्वतःच म्हणाला, "पण छापून यायच्या आधीही खेळले असतील ना आमचे." अगदी बरोबर आहे त्याचं. वाघिणीच्या वर्कशॉपमधल्या माणसांच्या बाजूने जे बोलायला हवं तेच तो बोलला. भाच्याला मात्र सालापेक्षा काळ्या शर्टावरच्या पांढऱ्या क्रूसात जास्त रस. तशी जर्सी मिळते का, हे त्याने फोनवर शोधायला घेतलं.

नवा बिल्ला ठरवताना सिटीने आपल्या प्रेक्षकांची मतं घेतली होती. मला कुणी विचारलं असतं, तर मी १८८० सांगितलं असतं. १८९४ हा वकिलांचा आणि सावकारांचा दिवस आहे. तोही खरा आहे, त्यांच्याशिवाय क्लब टिकला नसता. पण मॅकल्सफील्डहून आलेल्यांशी हरलेल्या पोरांनी पुढच्या शनिवारी परत जायचं ठरवलं, १८८४ च्या फाटाफुटीनंतर पुन्हा माणसं गोळा केली, आर्डविक बुडताना पाठ फिरवली नाही. कंपनी नोंदवायला जे काही होतं, ते त्यांनी राखलेलं होतं. आणि अ‍ॅना? क्लबचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आता तिचं नाव गाळावं, असं काही जण म्हणतात. मी गाळणार नाही. संस्थापक म्हणून लिहिणार नाही, कारण तसा कागद नाही. पण वेस्ट गॉर्टनमध्ये १८७९ मध्ये तिने सभा सुरू केल्या, पहिल्या सभेला तिघे आले आणि तरी तिने पुढची सभा लावली, हे वाक्य फुटबॉलच्या आधी यायलाच हवं. बीस्टोचं क्रिकेट त्याच्या शेजारी. दोघांपैकी कुणामुळे पोरं मैदानावर आली, ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.